रमजान आणि घरातली मुलं : रोजाची सवय कशी लावावी?



रमजानचा चाँद दिसला की पहिल्याच आठवड्यात जळगाव-धुळ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो फिरायला लागतात. नवा कुर्ता, गळ्यात फुलांचा हार, समोर खजूर आणि फळांचं ताट, आणि खाली एक ओळ : 'सहा वर्षांच्या चिमुकल्याने ठेवला पहिला रोजा'. फोटो बघून कुणालाही आनंदच होतो. पण त्याच आठवड्यात पालक आम्हा शिक्षकांना गाठून विचारतात, "मुलगी आठ वर्षांची झाली, आता रोजा ठेवायला लावायचा का?" दुसरे म्हणतात, "शेजारच्या पोराचे दहा रोजे झाले, आमचा एकावरच थांबलाय." आणि एखादी आई हळूच सांगते, "रडतो, पण रोजा तोडायला तयार होत नाही. आम्हालाच भीती वाटते."

तिघांनाही आमचं सांगणं एकच असतं. लहान मुलाचे रोजे मोजू नका. ज्या दिवशी रोजा त्याच्यावर फर्ज होईल, त्या दिवशी त्याला तो ओझं वाटू नये, एवढीच तयारी घरानं करायची असते. ती कोणत्या वयात किती करायची, खान्देशच्या उन्हात काय सांभाळायचं आणि कुठं थांबायचं, हे इथं एका जागी देत आहोत.

रोजा फर्ज केव्हा होतो?

रोजा बालिग, म्हणजे वयात आलेल्या, शहाण्या आणि निरोगी मुसलमानावर फर्ज आहे. वयात येण्याच्या शारीरिक खुणा दिसल्या की मुलगा किंवा मुलगी बालिग समजली जाते. खुणा दिसल्याच नाहीत, तर वयाची पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर. इथं पुष्कळ जण एक हिशेब विसरतात. ही पंधरा वर्षं चांद्र कॅलेंडरची आहेत. चांद्र वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं असतं. त्यामुळे जन्मदाखल्यावरच्या तारखेनं मोजलं, तर मूल साधारण साडेचौदा वर्षांचं होतं तेव्हाच ती पंधरा वर्षं भरतात. नववीतल्या मुलांच्या पालकांनी हे लक्षात ठेवावं.

त्याआधी रोजा फर्ज नाही. नाबालिग मुलानं रोजा ठेवला आणि दुपारी तोडला, तर त्याच्यावर कजा नाही आणि कफ्फाराही नाही. गुनाह तर मुळीच नाही. ही गोष्ट मुलाला स्वच्छ शब्दांत सांगून टाकावी. 'रोजा तोडलास तर अल्लाह नाराज होईल' असं सात वर्षांच्या पोराला सांगणं चूक आहे. शरीयतनं जे ओझं त्याच्यावर टाकलंच नाही, ते आपण टाकतो.

मग लहानपणी सवय लावायची कशाला?

कारण कुठलीही इबादत एका रात्रीत अंगवळणी पडत नाही. नमाज सातव्या वर्षापासून शिकवायला हदीसमध्ये सांगितलं आहे. रोजाच्या बाबतीत आलिम मंडळी वयाच्या आकड्यापेक्षा मुलाची ताकद बघायला सांगतात. एखादं नऊ वर्षांचं मूल सहज रोजा काढतं, तर एखादं अकरा वर्षांचं अशक्त असतं.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्रहांत हजरत रुबय्यि बिन्ते मुअव्विज (र.) यांची रिवायत आहे. मदिनेत आशूराच्या रोजाला अन्सार कुटुंबं मुलांनाही रोजा ठेवायला लावत. मूल भुकेनं रडायला लागलं, की त्याच्यापुढं लोकरीचं खेळणं ठेवत आणि इफ्तारपर्यंत त्याचं मन रमवत. शिक्षक म्हणून या रिवायतीत आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते खेळणं. रागावणं नाही, तुलना नाही. मुलाला घरात कंटाळा येणार हे धरून त्या आयांनी तयारी करून ठेवली होती. आपल्या घरात त्या खेळण्याची जागा आज बहुतेक वेळा मोबाइल घेतो, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

शेजारच्या घरांत काय चालतं?

सूरह बकराच्या १८३ व्या आयतीत सांगितलं आहे की रोजे जसे तुमच्यावर फर्ज केले, तसे तुमच्या आधीच्या लोकांवरही केले होते. मुलांना हे शिकवताना उदाहरण लांबून आणावं लागत नाही. वर्गातला ख्रिस्ती मित्र ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळणाऱ्या घरातला असू शकतो. त्याला इंग्रजीत लेंट म्हणतात. भुसावळच्या रेल्वे वसाहतीपासून नवापूरच्या आदिवासी पाड्यांपर्यंत खान्देशात ख्रिस्ती कुटुंबं आहेत. २०२५ मध्ये आपला पहिला रोजा २ मार्चला होता आणि त्यांचा राखेचा बुधवार ५ मार्चला. म्हणजे जवळजवळ एकाच आठवड्यात दोन्ही घरांत सुरुवात झाली.

त्यांच्याकडेही मुलांना सूट आहे. कॅथलिक चर्चच्या नियमानं मांस वर्ज्य करणं १४ वर्षांपासून लागू होतं आणि उपवास १८ ते ५९ या वयात. त्याच नियमात असंही आहे की ज्यांना वयामुळे सूट आहे, त्या मुलांना या दिवसांचा अर्थ पालकांनी समजावून द्यावा. म्हणून पुष्कळ ख्रिस्ती घरांत लहान मुलं चाळीस दिवस चॉकलेट किंवा टीव्ही सोडतात आणि वाचलेले पैसे गरिबांसाठीच्या डब्यात टाकतात. प्रोटेस्टंट चर्चमध्ये असा एकच ठरलेला नियम नसतो, तिथं घराघराची रीत वेगळी.

हिंदू मैत्रिणीच्या घरी एकादशीला साबुदाण्याची खिचडी असते. "तुमच्या रोजात साबुदाणासुद्धा चालत नाही? पाणीपण नाही?" हा प्रश्न आपल्या प्रत्येक मुलाला शाळेत एकदा तरी येतोच. त्याचं उत्तर मुलाला आधी घरात द्यावं, म्हणजे ते वर्गात गोंधळत नाही आणि दुसऱ्याच्या उपवासाला हसतही नाही.

वयाप्रमाणे पायऱ्या

खालची वयं अंदाजानं आहेत. मूल बघून एक पायरी मागेपुढे करावी.

*चार ते सहा वर्षं.* या वयात रोजा नाही. सहेरीला जाग आलीच तर जवळ बसवावं, मुद्दाम उठवू नये. इफ्तारच्या वेळी दस्तरखान अंथरणं, प्रत्येकाच्या ताटलीत खजूर ठेवणं, अजान झाली हे ओरडून सांगणं, ही कामं त्याची. इफ्तारची दुआ ऐकून ऐकून पाठ होते.

*सात ते नऊ वर्षं.* इथं आपल्याकडचा जुना 'चिडिया रोजा' कामाला येतो. चिमणीच्या पोटाएवढा, म्हणजे सहेरी करून जोहरपर्यंत. काही मुलं आधी फक्त शाळेच्या मधल्या सुट्टीपर्यंत थांबतात, तेही चालेल. हा शरीयतनं सांगितलेला रोजा नव्हे, सराव आहे, हे मुलाला सांगावं, पण त्याच्या कौतुकात कमी करू नये. आठवड्यातून एक-दोन दिवस पुरे. रविवार आणि जुमा सोयीचे, कारण घर भरलेलं असतं. मूल सुदृढ असेल, त्याचीच हौस असेल आणि ऊन नसेल, तर महिन्यातून एखादा पूर्ण रोजा.

*दहा ते बारा वर्षं.* पूर्ण रोजे, पण एकाआड एक किंवा आठवड्यातून दोन-तीन. पहिला रोजा ठेवला की दुसऱ्या दिवशी आराम द्यावा. महिन्याच्या सुरुवातीला मुलाला कॅलेंडर देऊन त्यालाच दिवस निवडू द्यावेत. स्वतः निवडलेला दिवस मूल सहज पार पाडतं.

*तेरा आणि पुढे.* आता फर्ज होण्याचं वय कधीही येऊ शकतं. म्हणून बहुतेक रोजे जमावेत असा प्रयत्न हवा. या वयात कारणं समजावून सांगावीत. नियत म्हणजे काय, कशानं रोजा तुटतो, कशानं तुटत नाही, विसरून पाणी प्यायलं तर काय (रोजा तुटत नाही), हे मसले त्याला स्वतःला माहीत असावेत.

खान्देशचं ऊन आणि रमजानचं कॅलेंडर

रमजान दरवर्षी इंग्रजी कॅलेंडरमध्ये दहा-अकरा दिवसांनी पुढे येतो. ३३ वर्षांत तो सगळे ऋतू फिरून येतो. २०१९ मध्ये पहिला रोजा ७ मेला होता. जळगाव-भुसावळचा मे महिना म्हणजे काय ते वाचकांना सांगायला नको, पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. जूनमध्ये आपल्या भागात सहेरी संपल्यापासून मगरिबपर्यंत जवळपास पावणेपंधरा तास होतात. फेब्रुवारीच्या शेवटी ते पावणेतेरा-तेरा तासांवर येतात आणि जानेवारीत साधारण सव्वाबारा तासांवर.

पुढची काही वर्षं चांगली आहेत. चंद्रदर्शनानं एक दिवस इकडेतिकडे धरून २०२७ मध्ये रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होईल आणि २०२८ मध्ये जानेवारीच्या शेवटी. २०३० मध्ये तर एकाच इंग्रजी वर्षात दोनदा रमजान सुरू होईल, एकदा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि दुसऱ्यांदा डिसेंबरच्या शेवटी. म्हणजे आज जी मुलं सहा-सात वर्षांची आहेत, त्यांना पहिले रोजे थंडीत आणि छोट्या दिवसांत मिळणार आहेत. सवय लावायला याहून चांगली संधी नाही. घाई करायचं तर काहीच कारण नाही.

मार्चमध्ये रोजे असतील तेव्हा मात्र दुपार सांभाळावी. खान्देशात होळीच्या सुमारासच ऊन लागायला लागतं. बारा ते चार मुलाला बाहेर खेळू देऊ नये. पत्र्याच्या घरात दुपारी फार तापतं, तिथं ओलं गोणपाट टाकणं, जोहरच्या वेळी अंघोळ, सुती कपडे एवढं तरी करावं. यावल, रावेर, चोपड्याच्या तडवी वस्त्यांत मार्चमध्ये गहू-हरभऱ्याची काढणी असते आणि मुलंही आई-बापांबरोबर शेतात जातात. शेतात जाण्याच्या दिवशी लहान मुलाला रोजा ठेवू देऊ नये. जानेवारीतली अडचण उलटी असते. धुळ्याला पहाटे कडाका असतो, पारा सहा-सात अंशांपर्यंत उतरतो. सहेरीला उठवलेल्या मुलाला आधी स्वेटर, मग ताट.

सहेरी आणि इफ्तारचं ताट

सहेरीशिवाय मुलाला रोजा नाही, हा घरचा पक्का नियम असावा. 'उठलाच नाही, तरी ठेवला' यात बहादुरी नाही. सहेरीत बरकत आहे असं प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितलं आहे, आणि मुलांच्या बाबतीत तर ती उघड दिसते.

सहेरीला जे पोटात हळूहळू पचतं ते द्यावं. दादरची किंवा कळण्याची भाकरी, डाळ, अंडं, दही, वर एक केळं. केळी तर आपल्या रावेर-यावल-सावद्याची, जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. महागडी पावडर आणायची गरज नाही. ठेचा, लोणचं, पापड, शेवभाजीची तर्री सहेरीला टाळावी, दिवसभर तहान लागते. चहाही मुलाला नको, त्याऐवजी दूध.

पाणी सहेरीच्या शेवटच्या पाच मिनिटांत घटाघटा पाजून उपयोग होत नाही, ते लघवीवाटे निघून जातं. इफ्तारपासून झोपेपर्यंत थोडं थोडं करून आणि सहेरीला मिळून सात-आठ ग्लास पोटात जायला हवेत. ग्लास मोजायचं काम मुलालाच द्यावं.

इफ्तारला खजूर आणि पाणी, मग फळं : पपई, टरबूज, केळी. लिंबू सरबतात सब्जा चालेल. मगरिबच्या नमाजनंतर साधं जेवण. हातगाडीवरची भजी, समोसे, रंगीत सरबत रोज नको. रिकाम्या पोटी तळलेलं खाऊन रात्री मुलाला उलटी झाली, की दुसऱ्या दिवशी घरात म्हणतात, 'रोजा झेपला नाही'. बिचाऱ्या रोजाचा त्यात काही दोष नसतो.

झोप आणि मोबाइल

सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला नऊ ते बारा तास झोप लागते. तरावीह संपायला रात्रीचे दहा वाजतात, सहेरीला पावणेपाचला उठवलं की उरतात सहा-साडेसहा तास. म्हणून लहान मुलांना तरावीहला नेलं तरी चार किंवा आठ रकातींनंतर घरी आणून झोपवावं. शाळेतून आल्यावर दीड-दोन तास झोपू द्यावं. धुळ्यात यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या घरांत सगळं घरच रात्रभर जागं असतं. तिथं मुलांची झोपायची जागा तरी वेगळी आणि अंधाराची असावी.

अस्र ते मगरिब हा मुलाचा सगळ्यात कठीण वेळ. त्या वेळी मोबाइल हातात दिला की मूल शांत बसतं, पण रमजान त्याच्या हातून निसटतो. त्याऐवजी काम द्यावं. फळं चिरणाऱ्या आईला मदत, दादांबरोबर मशिदीत इफ्तारचं सामान पोचवणं, आजीकडून हजरत यूसुफ (अ.) यांची गोष्ट ऐकणं, लुडो, कॅरम. मदिनेच्या आयांचं लोकरीचं खेळणं ते हेच.

शाळा आणि परीक्षा

उर्दू शाळांत रमजानमध्ये बहुधा सकाळचं सत्र असतं आणि शिक्षकांना रोजाची कल्पना असते. पण खान्देशात आपली पुष्कळ मुलं मराठी शाळांत, जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकतात. तिथल्या बाई-सरांना आपण सांगितलं नाही तर कळणार कसं? रोजाच्या दिवशी वहीच्या मागच्या पानावर दोन ओळी लिहून द्याव्यात : आज मुलाचा रोजा आहे, कवायत आणि मैदानी खेळातून सूट द्यावी, त्रास झाला तर लगेच पाणी पाजावं आणि आम्हाला फोन करावा. शिक्षक मंडळी समजून घेतात, हा आमचा अनुभव आहे.

पहिली ते आठवीच्या वर्गांत दुपारी शालेय पोषण आहार असतो. सगळा वर्ग खिचडी खात असताना आपलं मूल एकटं बाजूला बसतं. त्याला वाचनालयात किंवा वर्गात बसू द्यावं, अशी विनंती करता येते. आणि शाळेत वास आला, मन झालं, मुलानं खिचडी खाल्ली, तर घरी आल्यावर त्याला हसू नये.

परीक्षांचा प्रश्न सध्या दरवर्षी येतो. २०२५ मध्ये दहावीची बोर्डाची परीक्षा २१ फेब्रुवारी ते १७ मार्च होती, म्हणजे निम्म्याहून अधिक दिवस रमजानमध्ये गेले. दहावीचा विद्यार्थी बहुधा बालिग असतो, त्याच्यावर रोजा फर्ज आहे. पेपरच्या दिवशी तब्येत खरोखर बिघडत असेल, तर घरात अंदाज बांधत बसू नये, आपल्या इमाम साहेबांना किंवा जवळच्या आलिमांना आधीच विचारून ठेवावं. रात्री जागून वाचण्यापेक्षा सहेरीनंतर फज्र पढून दोन तास वाचणं जास्त लक्षात राहतं. चौथी-पाचवीतल्या मुलाची परीक्षा असेल तर प्रश्नच नाही, त्या दिवशी रोजा नको.

रोजा लगेच कधी तोडायचा?

खालीलपैकी काहीही दिसलं तर घड्याळ बघू नका, पाणी पाजा :

- चक्कर, डोळ्यांपुढं अंधारी, हात-पाय थरथरणं
- उलटी किंवा जुलाब
- ताप किंवा जोराची डोकेदुखी
- तोंड सुकणं आणि सहा-सात तास लघवी न होणं
- मूल गप्प पडून राहणं, हाकेला नीट उत्तर न देणं

आधी सावलीत झोपवून घोट घोट पाणी द्यावं. ओआरएसची पुडी नसेल, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. अर्ध्या तासात हुशारी आली नाही तर दवाखाना गाठावा. मूल शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका, थेट दवाखान्यात न्या.

काही मुलांना हौस असली तरी रोजा ठेवू देऊ नये. इन्सुलिन चालू असलेलं मधुमेही मूल, फिटचं औषध घेणारं, मूत्रपिंडाचा आजार असलेलं, नुकत्याच टायफॉइड-काविळीतून उठलेलं. खान्देशात आणखी एक आजार लक्षात ठेवावा लागतो, सिकलसेल. सातपुड्याच्या आदिवासी पट्ट्यात तो आढळतो. अशा मुलाच्या अंगातलं पाणी कमी झालं की तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. या मुलांबाबत डॉक्टरांचा शब्द शेवटचा. सूरह बकराच्या १८५ व्या आयतीत आजारी आणि मुसाफिर माणसाला सवलत देताना सांगितलं आहे की अल्लाहला तुमच्यासाठी आसानी हवी आहे. ती सवलत घेणं हीही आज्ञाच आहे. आजारी मुलाला घरात 'बिनरोजावाला' म्हणून चिडवू देऊ नये. त्याला इफ्तारचं ताट सजवायचं मानाचं काम द्यावं.

मुलींबद्दल

हा विषय घरात बोलला जात नाही, म्हणून इथं लिहितो. मुलीला मासिक पाळी सुरू झाली की रोजा फर्ज होतो, आणि पाळीच्या दिवसांत रोजा ठेवायचा नसतो. ते रोजे नंतर कजा म्हणून पूर्ण करायचे असतात, त्या दिवसांतल्या नमाजी मात्र माफ आहेत. पाचवी-सहावीतल्या मुलीला हे आईनं किंवा खालानं आधीच सांगून ठेवावं. नाहीतर अब्बा आणि भावांसमोर लाज वाटते म्हणून मुलगी दिवसभर उपाशी राहते किंवा न्हाणीघरात लपून पाणी पिते. त्या दिवसांत तिच्यासाठी स्वयंपाकघरात जेवण झाकून ठेवावं आणि घरातल्या पुरुषांनी 'आज तुझा रोजा नाही का?' असं विचारू नये. एवढी अदब प्रत्येक घरात असायला हवी.

चोरून पाणी प्यायलं तर?

प्यायलं असेलच, धरून चला. मूल सकाळी हौसेनं रोजा ठेवतं, दुपारी माठावर हात जातो, आणि संध्याकाळी सगळ्यांसमोर 'माझा रोजा आहे' म्हणतं. अशा वेळी दस्तरखानावर त्याचं पितळ उघडं पाडू नये. रात्री एकटं घेऊन सांगावं, की तहान लागली तर आम्हाला सांग, आम्ही स्वतः पाणी देऊ. रोजा हा माणूस आणि अल्लाह यांच्यामधला मामला आहे, तिथं दाखवायला काही नसतं. मूल खोटं बोललं याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की खरं सांगायची त्याला घरात भीती वाटली. रोजातून मुलानं सच्चेपणा शिकायचा आहे. भुकेपोटी तो खोटं बोलायला शिकला, तर तो रोजा ठेवून घेतला नसता तर बरं.

भूक सोडून उरलेला रमजान

जे मूल एकही रोजा ठेवू शकत नाही, त्याचाही रमजान पूर्ण होऊ शकतो. काही सोप्या गोष्टी :

१. *फितऱ्याचं गणित.* ईदच्या नमाजआधी घरातल्या प्रत्येकाचा, तान्ह्या बाळाचासुद्धा, सदका-ए-फित्र द्यायचा असतो. गव्हाचं वजन काही मशिदींत १ किलो ६३३ ग्रॅम सांगतात, काही ठिकाणी दोन किलोच्या थोडं वर. आपल्या मशिदीत सांगतील ते धरावं. मुलाला जळगावच्या दाणाबाजारात किंवा धुळ्याच्या पाच कंदिलावर नेऊन गव्हाचा भाव विचारू द्यावा, घरातली माणसं मोजू द्यावीत आणि गुणाकार त्यालाच करू द्यावा. मग ती रक्कम गरजूंच्या हातात त्याच्यासमोर, पण गाजावाजा न करता पोचावी.

२. *सदक्याचा गल्ला.* मुलानं रोज खाऊच्या पैशातला एक रुपया टाकावा. ईदच्या आधी फोडून ते पैसे कुणाला द्यायचे हे मुलानं ठरवावं.

३. *शेजारी ताट.* आठवड्यातून एकदा इफ्तारचं ताट झाकून शेजारी पाठवावं, शेजारी कुठल्याही धर्माचा असो. ताट न्यायचं काम मुलाचं.

४. *एक सवय सोडणं.* शिवी, चुगली, धाकट्याला मारणं, यातली एक गोष्ट मुलानं निवडावी आणि महिनाभर सोडावी. जो खोटं बोलणं सोडत नाही, त्याच्या नुसत्या उपाशी राहण्याची अल्लाहला गरज नाही, अशा अर्थाची हदीस बुखारीत आहे. मोठ्यांनीही आपली एक सवय मुलांना सांगून सोडावी. मूल आपल्यावर लक्ष ठेवतं आणि घरभर मजा येते.

५. *छोटी सूरह.* महिन्यात एक सूरह पाठ, आणि तिचा अर्थ घरात जी भाषा बोलतो त्या भाषेत, उर्दू असो की मराठी.

रोजा कुशाई आणि फोटो

पहिल्या रोजाच्या संध्याकाळी घरात गोडधोड करणं, नातेवाइकांना बोलावणं, मुलाला नवा कपडा घेणं, ही आपली सुंदर रीत आहे. तिला रोजा कुशाई म्हणतात. ती जरूर करावी, पण लग्नासारखा मांडव, केटरर आणि पाकिटं आली की दोन नुकसानं होतात. ज्याची ऐपत नाही तो बाप उसनवारी करतो, आणि दोनशे पाहुणे जमलेत म्हटल्यावर आजारी वाटत असूनही मूल रोजा तोडायला घाबरतं. म्हणून दावत द्यायचीच असेल, तर ती आधी जाहीर न करता रोजा पूर्ण झाल्यावर पुढच्या रविवारी ठेवावी.

फोटोचंही तसंच. घरच्यांसाठी काढावा, बातमी करू नये. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या रोजाची बातमी वाचून दुसऱ्या गल्लीतले आई-वडील आपल्या मुलाला जोर लावतात, आणि वर्गातल्या अशक्त पोराला वाटतं की आपल्यातच काही कमी आहे. बातमी द्यायचीच तर दहावीत पहिल्या आलेल्या मुलीची द्या.

पालकहो, मुलाला पुढे आयुष्यभराचे रोजे ठेवायचे आहेत. लहानपणचा रमजान आठवला की त्याला पहाटेचा आईचा हात, गरम भाकरी आणि अजानकडे लागलेले सगळ्यांचे कान आठवले पाहिजेत. यंदा मुलानं अर्धाच दिवस काढला, तरी त्याला इफ्तारच्या दस्तरखानावर मोठ्यांच्या शेजारी बसवा आणि पहिला खजूर त्याच्या हातात द्या. अल्लाह आपल्या मुलांना सेहत, समज आणि सच्चेपणा देवो. आमीन.